भाकरीतली रिकामी जागा

आमच्या घरात कुठलीही गोष्ट आबांनी बघितल्याशिवाय खरी होत नसे. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. उभी हयात त्यांनी रेल्वेत चावीवाला म्हणून काढली. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या टापूतला रूळ पायी बघत जायचं, रुळाला धरून ठेवणारी लोखंडी चावी कुठं ढिली झाली असली तर ठोकून बसवायची, आणि त्याच वाटेनं परत यायचं, एवढं ते काम. दिसायला सोपं, पण चुकलं तर आख्खी गाडी खाली. निवृत्त झाल्यावर हातोडा रेल्वेनं जमा करून घेतला, सवय मात्र आबांकडेच राहिली. शेजारची बाई नळाला पाणी आलं म्हणून ओरडली, की आबा चपला घालून नळापर्यंत जायचे, तोटी उघडून बघायचे, परत येऊन मायला सांगायचे, "आलंय." मग माय हंडे घेऊन निघायची. तोवर पाणी गेलेलं असायचं.

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा. त्या वेळी शहराचं नाव वेगळं होतं, आता पाट्यांवर वेगळं आहे. आमच्या गल्लीतले रिक्षावाले अजून दोन्ही म्हणतात आणि दोन्हीला त्याच ठिकाणी नेऊन सोडतात. घरात आवाज तीनच. मायच्या शिलाई मशीनचा, कंपनीच्या भोंग्याचा आणि गाडीचा. वडील चिकलठाण्याच्या एका कंपनीत पाळीवर होते, त्यामुळं माझ्या लहानपणीच्या आठवणींत ते बहुतेक वेळ झोपलेले आहेत. घरातले निर्णय जागा असलेला पुरुष घ्यायचा, म्हणजे आबा. माय मशीनवर ब्लाउज शिवायची, आणि रविवारी येसराची आमटी आणि ज्वारीची भाकर करायची. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं, की वासानं वडीलसुद्धा जागे व्हायचे. गेली कित्येक वर्षं मी तो वास स्वतःच्या स्वयंपाकघरात काढायचा प्रयत्न करते आहे. आमटी होते. कोणी जागं होत नाही.

आम्ही मूळचे पिशोरचे. तिथल्या आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा आबा मिसरूड फुटायच्या वयाचे होते. घरातले देव नदीत सोडायचं ठरलं आणि टोपली आबांच्या डोक्यावर दिली. वाटेत गावातल्या भगतानं त्यांना अडवलं. म्हणाला, "तो दिसत नाय रे, पर कणाकणात भरलाय. नदीत टाकून कुठं जाणार हाय त्यो?" आबांनी त्याला विचारलं, "तुम्ही बघितलाय?" भगत म्हणाला, असं विचारायचं नसतं. आबा नदीवर गेले, टोपली पाण्यात सोडली, आणि आता काय होतं ते बघायला तासभर काठावर बसून राहिले. काही झालं नाही. तेव्हा घरी येऊन जेवले. ही गोष्ट आबांनी मला बऱ्याचदा सांगितली आणि प्रत्येक वेळी 'तेव्हा घरी येऊन जेवलो' इथंच संपवली. विहारात वंदनेला ते नेमानं जात, पण तिथंही कोणी काही चमत्कारिक सांगायला लागलं, की उठून बाहेर येऊन बिडी पेटवत.

अशा घरात मी अणू आणला.

बारावीला आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायला सिद्दीकी सर होते. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. पुस्तकातलं मराठीत शिकवायचे आणि पुस्तकाबाहेरचं त्यांच्या दखनीत. पुस्तकाबाहेरचंच जास्त असायचं. त्यांनी सांगितलं की जगातली प्रत्येक वस्तू अणूंची, अणूत मधे गाभा आणि भोवती इलेक्ट्रॉन. आमखास मैदानाएवढा एक अणू केला, तर मधला गाभा ज्वारीच्या दाण्याएवढा. बाकी मैदान रिकामं. गाभ्यात प्रोटॉन-न्यूट्रॉन, आणि त्यांच्याही पोटात क्वार्क. मी त्या दिवशी कॉलेजपासून घरापर्यंत चालत आले, कारण बसच्या लोखंडी दांड्याला धरवेना. त्या वयात असं होतं. आता मी गॅसचं सिलिंडर उचलते तेव्हा त्यातली रिकामी जागा मला अजिबात जाणवत नाही.

रविवारी जेवताना मी सांगितलं, "आबा, ही भाकर आहे ना, ही जवळजवळ सगळी रिकामी आहे."

माय तव्यापाशी होती. तिचा हात थांबला. "माझी भाकर?"

"सगळ्यांचीच. आत अणू असतात आणि अणूत रिकामी जागाच जास्त असते."

"चांगली टम्म फुगली म्हणून रिकामी व्हय? उद्यापासून तू थाप."

मी क्वार्कांचंही सांगितलं, की ते एकेकटे कधी सापडत नाहीत, कायम दोघं नाहीतर तिघं चिकटून असतात. माय म्हणाली, "म्हंजी आपल्या गल्लीतल्या बाया." वडील अर्धवट झोपेत हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी भाकरीचा तुकडा उजेडाकडं धरून उलटसुलट बघितला आणि आमटीत बुडवून खाल्ला.

"कोणी बघितलाय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"अणू."

"तो दिसत नाही, आबा. फार लहान असतो."

"दिसत नाय पर सगळ्यात भरलाय."

"हो."

आबांनी ताटात हात धुतला. "हे मी आदी ऐकलंय," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन बसले.

एवढ्यावर हा विषय संपला असता. पण बारावीचा निकाल लागला, मला चांगले मार्क पडले, आणि घरात डी.एड.ची गोष्ट निघाली. डी.एड. केलं की दोन वर्षांत मास्तरीण. आमच्या नात्यातल्या दोघी झालेल्या होत्या आणि दोघींच्या साड्या मायनं डोळे भरून बघितलेल्या होत्या. मला बी.एस्सी.ला जायचं होतं, भौतिकशास्त्र घेऊन. मी ते सांगितलं तेव्हा आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. ते रागावत नसत, त्यामुळं त्यांच्याशी भांडताच येत नसे.

"डी.एड.चं मला कळतं," ते म्हणाले. "शाळा हाय, पोरं हायती, फळा हाय. समदं दिसतं. तुझ्या त्या शास्तराचं मूळच जर कोणी बघितलं नसंल, तर घरातली पोरगी तिकडं कशाच्या भरवशावर धाडायची? एक दाखव. एकच. मग जा."

"अणू?"

"व्हय. आठ दिस हायती फॉर्म भरायला."

मी दुसऱ्या दिवशी सिद्दीकी सरांकडं जाऊन रडले. सर मन लावून ऐकत होते आणि मधेमधे त्यांचा चेहरा खुलत होता, ते मला आवडलं नाही. "एक दिखाओ बोले?" ते म्हणाले. "अरे वा. बीस साल हो गए मेरे कू पढाते, किसी बच्चे ने नहीं पूछा. बुढ्ढे का सवाल एकदम सही है, बेटी." मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर एक चित्र काढून दिलं. काचेची पेटी पालथी घालायची. तिच्या छताला आतून लोकरीचं कापड चिकटवायचं, ते स्पिरिटनं भिजवायचं. खाली काळं केलेलं धातूचं तबक, आणि तबकाखाली सुका बर्फ, जो वितळून पाणी होत नाही, नुसता धूर होतो. आत स्पिरिटचं धुकं साचतं. त्या धुक्यातून अणूपेक्षा लहान असा एखादा कण गेला, तर त्याच्या वाटेवर थेंब धरतात आणि पांढरी रेघ उमटते. असे कण वरून, आभाळातून, सारखे पडत असतात. "दाना नहीं दिखेगा," सर म्हणाले, "उसकी लकीर दिखेगी. घर में सच-सच बताना."

स्पिरिट सरांनी दिलं. माशांची एक छोटी रिकामी टाकी शेजारच्या घरात होती, मासे आदल्या उन्हाळ्यात गेलेले. लोकरीचं कापड म्हणून आबांच्या घोंगडीचा कोपरा कापला, तो त्यांनी स्वतः कापून दिला, कारण मी वाकडा कापला असता. तबक मायचं, ॲल्युमिनियमचं. मी ते शाळेच्या फळ्याच्या काळ्या रंगानं रंगवलं, तेव्हा माय दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. सुका बर्फ उस्मानपुऱ्यात एका आइस्क्रीमच्या एजन्सीत मिळाला. तिथल्या माणसानं वर्तमानपत्रात आणि पोत्यात गुंडाळून दिला, हाताला लावू नको म्हणाला. शेअर रिक्षात मी तो पायाशी ठेवला. क्रांती चौकाच्या पुढं पोत्यातून पांढरा धूर निघायला लागला. शेजारच्या बाईनं पाय वर घेतले. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि वेग कमी न करता विचारलं, "ताई, फटनेवाला है क्या?" मी म्हटलं, बर्फ आहे. तो म्हणाला, "बर्फ है तो जल कायको रहा?" याचं उत्तर मला येत होतं, पण तोवर सगळेजण मधेच उतरले होते.

माझी चूक एवढीच झाली, की मायनं गल्लीत सांगितलं आणि मी तिला अडवलं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीवर गोधड्या टांगून खोली अंधारी केली, तेव्हा आत चौदा माणसं होती. वर पत्रा तापलेला. मी टाकी तबकावर पालथी घातली, खाली बर्फ सारला, कडेनं बॅटरीचा झोत टाकला. धुकं तयार झालं. लोक वाकून बघू लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. धुकं पेटीत गोल गोल फिरत राहिलं आणि त्यात काहीही उमटलं नाही. कोणीतरी खोकलं. एका बाईनं मला हळूच विचारलं, "निघाला का गं?" अर्ध्या तासानं लोक घाम पुसत उठले. जाताना एकजण आबांना म्हणाला, "पोरीनं कष्ट लई घेतले." मेलेल्या माणसाच्या घरून निघताना बोलतात तसा त्याचा आवाज होता. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. हे लिहिताना माझं वय चाळिशीच्या पुढं आहे, चांगल्या चांगल्या माणसांसमोर मी नंतर चुकले, पण त्या दुपारइतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

सगळे गेल्यावर आबा खाली बसले. त्यांनी पेटीकडं नाही, पेटीच्या कडेकडं बघितलं. मग एक बोट काच आणि तबक जिथं टेकतात तिथून हळूहळू फिरवत नेलं. एका कोपऱ्यात थांबले.

"इथं पोचा हाय तबकाला," ते म्हणाले. "वारा आत शिरतोय. म्हणून त्ये धुकं जागेवर ठरंना."

मी म्हटलं, "आता काय उपयोग?"

"उपयोगाचं राहू दे. जोड ढिला ठेवून कसं चालंल?" ते मायला म्हणाले, "सूनबाई, कणीक मळा थोडी."

बर्फ तोवर उडून गेला होता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उस्मानपुऱ्याला गेले. निघताना मायनं मला दाराशी धरलं. "हे बघ शाले, आज रेघबिघ कायबी दिसली, की ह्योच अणू म्हणून सांग. मामांजीला काय कळतंय? एका शब्दाचा सवाल हाय. नाय तर जल्मभर बाराखडी शिकवशील." मायला स्वतःला डी.एड. पसंत होतं. तरी तिनं मला हे सांगितलं. त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला, तेव्हा ती सांगण्याच्या पलीकडं गेलेली होती.

त्या दुपारी खोलीत आबा आणि मी दोघंच. आबांनी कणकेची वळकटी करून पेटीच्या चारी कडांना अशी बसवली, की माशीलाही वाट राहिली नाही. बॅटरी मी धरली. धुकं खाली तबकावर बसलं आणि या वेळी हललं नाही. आम्ही बघत राहिलो. आणि मग कुठूनही न येता एक बारीक पांढरी सरळ रेघ उमटली, सुईत ओवायला दोरा ताणावा तशी. क्षणभर राहिली आणि विरून खाली बसली. लगेच दुसरी. मग एक आखूड जाडसर, मग एक वाकडीतिकडी, दारुड्यासारखी. बघता बघता झोत माझ्याकडून खाली घसरला. आबांनी बॅटरी माझ्याकडून घेतली.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. स्टेशनात एक गाडी येऊन गेली आणि आबांनी मान वर केली नाही, हे तेवढं आठवतं.

"कुठून येतात?" शेवटी त्यांनी विचारलं.

"वरून. आभाळातून."

"पत्र्यातून?"

"पत्र्यातून, काचेतून, सगळ्यातून. आपल्या अंगातून पण जातात."

आबांनी मोकळा हात पेटीवर पसरून धरला. हाताखाली रेघा उमटतच राहिल्या. "लागत नाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "शाले, ह्याला अणू म्हणायचं का?"

हो म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच नाही म्हणायला लागतो. माझ्या डोळ्यासमोर कॉलेजची इमारत होती, आणि मायचा चेहरा. आबांचा चष्मा नाकावर घसरला होता. माझं उत्तर ते खरं मानणार होते, हे मला दिसत होतं. त्यांच्या आयुष्यात न तपासता मानायची ती पहिली गोष्ट ठरली असती.

"नाही, आबा," मी म्हटलं. "हा अणू नाही. अणूहून लहान काहीतरी आहे. आणि ही रेघ म्हणजे तोही नाही. तो कधीच गेला. हा नुसता त्याचा माग."

"मग अणू?"

"अणू मला दाखवता येत नाही."

"बरं," आबा म्हणाले. त्यांनी सेल वाचावेत म्हणून बॅटरी बंद केली, उठून गोधडी बाजूला केली. "एक दाखवायचा ठरला होता. नाय दिसला." आणि चपला घालून बाहेर गेले.

मायनं डोक्याला हात लावला. "शिकलीस आन् वाया गेलीस," ती म्हणाली. "एवढं खोटं बोलाया येईना व्हय गं तुला?" मी पाण्याच्या पिंपामागं बसून संध्याकाळपर्यंत रडले. दुसऱ्या दिवशी माझ्या मामाला डी.एड.चा फॉर्म आणायला सांगितलं गेलं. मीच सांगितलं. आबा दोन दिवस रिकामी पेटी पुढ्यात घेऊन बसून होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीची टोपी घातली आणि कुठं जातो ते न सांगता गेले. दुपार टळल्यावर परतले. ते थेट सिद्दीकी सरांकडं गेले होते. तिथं काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण दोघांच्या सांगण्यात जुळतं ते एवढं. आबांनी पहिला प्रश्न विचारला, की पोरीनं खोटं काहून नाय सांगितलं? सर म्हणाले, "चाचा, इस काम में झूठ चलताच नहीं. आज नक्को तो कल, कोई ना कोई आ के ठोक के देखता." ठोकून बघतात हे ऐकल्यावर आबा खुर्चीत नीट बसले. मग विचारलं, की अणूच्या आत गाभा, गाभ्याच्या आत ते तिघंतिघं चिकटलेले, मग त्यांच्या आत काय? सर म्हणाले, "मालूम नहीं."

"तुम्हाला मालूम नाय, का कोणालाच?"

"किसी कू भी नहीं, चाचा. ढूंड रहे हैं."

आबा घरी येऊन खाटेवर बसले, पाणी प्याले. वडील त्या दिवशी जागे होते. त्यांना आबा म्हणाले, "मास्तर बरा हाय. नाय ठाऊक म्हणाला. तोंडावर." मग माझ्याकडं न बघता त्यांनी टोपीतून एक घडी घातलेला कागद काढून मशीनवर ठेवला. बी.एस्सी.चा फॉर्म होता. माय त्याच मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिनं पाय थांबवला, कागद उचलला, पदरानं मशीनवरचं तेल पुसून कागद परत ठेवला आणि पुन्हा शिवायला लागली.

फॉर्म आम्ही शेवटच्या दिवशी भरला, कॉलेजच्या व्हरांड्यात रांगेत उभं राहून. पालकाची सही वडिलांऐवजी आबांनी केली, कारण वडील पाळीवर होते. आबा प्रौढ वर्गात लिहायला शिकलेले, अक्षर मोठं आणि सुटं. फॉर्मवर 'विषय निवडण्याचे कारण' असा एक रकाना होता. मी 'आवड' लिहिणार होते. आबा म्हणाले, पेन इकडं दे. त्यांनी फॉर्म भिंतीला टेकवून धरला आणि बराच वेळ लिहीत राहिले. खिडकीतल्या कारकुनानं तो वाचायला घेतला, रकान्यापाशी थांबला आणि मोठ्यानं वाचलं: "अजून दिसलेलं नाही म्हणून."

रांगेतले चार-दोन जण वळले.

"हे काय कारण झालं?" कारकून म्हणाला. "व्यवस्थित काहीतरी लिहा. आवड वगैरे."

"लिहिलंय त्यात चूक हाय का?" आबांनी विचारलं.

कारकुनानं पुन्हा वाचलं. "चूक नाही."

"मंग?"

त्यानं आबांकडं बघितलं, मागच्या लांबच लांब रांगेकडं बघितलं आणि शिक्का मारला. आबांनी फॉर्म परत मागून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन तपासला. शिक्क्याची एक बाजू पुसट उमटली होती. ती त्यांनी पुन्हा मारून घेतली.